पर्यायी पालक

त्याला सगळे पाना म्हणत. शर्टाच्या खिशात कायम एक दहा-अकराचा पाना असायचा म्हणून सोबतच्या मेकॅनिकांनी हे नाव पाडलं, आणि ते इतकं घट्ट बसलं की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघायचा, की बुवा कोण आलंय. शहराच्या जुन्या भागातल्या तेवीस लिफ्ट त्याच्या अंगावर होत्या. कुठली लिफ्ट कुठे दुखते आहे हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. तळमजल्यावर उभा राहून तो डोळे मिटायचा, कान द्यायचा आणि म्हणायचा, "चौथ्यावर दरवाजा घासतोय." वर जाऊन बघावं तर चौथ्यावर दरवाजा घासत असायचा.

असा कान असलेल्या माणसाची मुलगी बोलताना अडखळायला लागली तेव्हा ते पहिल्यांदा त्यालाच कळणार, यात नवल नाही. मुलीला घरात मुंगी म्हणत. साडेचार वर्षांपर्यंत ती पोपटासारखी बोलायची. मग हळूहळू शब्द दारातच अडायला लागला. 'पाणी' म्हणायचं असलं की नुसता 'प' येऊन उभा राहायचा, तिचे ओठ दाबले जायचे, डोळे मोठे व्हायचे आणि शेवटी ती बोटाने माठाकडे दाखवायची. शाळेत हजेरीला तिला 'हजर' म्हणता येईना. ती हात वर करायची. एकदा बाईंचं लक्ष नव्हतं, तर पोरगी वर्गात बसलेली असून वहीत गैरहजर लागली.

पान्याकडे प्रत्येक लिफ्टची एक वही असायची. तारीख, मजला, बिघाड, काय केलं. त्याने मुंगीसाठीही तशीच वही घातली. तारीख, शब्द, समोर कोण होतं, काय केलं. चार महिन्यांत वही अर्धी भरली. 'प आणि क वर हमखास अडते. प्रश्न विचारला की जास्त. मांजराशी बोलताना अजिबात नाही. मी हळू बोललो की तीही हळू बोलते आणि सुटते. शेजारच्या काकू वाक्य पुरं करून देतात, तेव्हा दिवसभर गप्प.' हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लिफ्ट उघडून बघण्याआधी ती कधी थांबते ते लिहून ठेवायचं, एवढंच त्याला माहीत होतं.

त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायच्या विभागात होती. सकाळी सातला फाटक, संध्याकाळी साडेपाचला सुटका. फाटकावर मोबाईल काढून एका कापडी पिशवीत घालायचा, पिशवीला नंबर, पिशवी कपाटात, कपाटाला कुलूप. कुणी मेल्या-जगल्याचा निरोपसुद्धा आत जायचा नाही. पान्याचं काम मात्र फोन येईल तसं. दोन बिघाडांच्या मध्ये तो मुंगीला शाळेतून आणायचा, जेवू घालायचा, गरज पडली तर सोबत घेऊन जायचा. डॉक्टर, शाळा, लस, सगळं त्याच्याकडे. आता कुणी म्हणेल, बापाने पोरीचं केलं यात विशेष ते काय? विशेष काहीच नाही, तेच तर सांगायचंय. घरात विशेष नव्हतं, गल्लीत विशेष नव्हतं. विशेष होतं ते फक्त कुटुंब मार्गदर्शन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर.

हे केंद्र सरकारी. चार मजली इमारत, आणि तिची लिफ्ट पान्याच्याच तेविसांतली. तिथे अडखळणाऱ्या मुलांसाठी बारा आठवड्यांचा वर्ग असतो, फुकट, आठवड्याला दोन सकाळी, एका वेळी आठ मुलं, आणि प्रत्येक मुलाशेजारी पालक बसलाच पाहिजे. हे त्याला तिथली मोटार दुरुस्त करताना कळलं. अट एकच होती: वर्ग सुरू होईल त्या दिवशी मूल सहा वर्षांच्या आतलं हवं. पुढची तुकडी सुरू होणार होती तेव्हा मुंगीला सहा पूर्ण व्हायला सव्वीस दिवस उरणार होते. त्यानंतरची तुकडी चार महिन्यांनी. म्हणजे ह्या खेपेला जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर मुंगीसाठी ते दार कायमचं बंद. खाजगीत जायचं तर फी इतकी, की त्याने नावच घ्यायला नको.

तो मुंगीला घेऊन गेला. काउंटरवरच्या बाईंनी मान वर करून आधी त्याच्याकडे, मग त्याच्या मागे बघितलं.

"आई कुठेय?"

"कामावर आहे. मी आलोय."

"बरं. आईला सांगा येऊन फॉर्म भरायला."

"मी भरतो की. मी वडील आहे तिचा."

बाईंनी फॉर्म दिला, पण अगदी नाइलाजाने. फॉर्मवर आईचं नाव, आईचं शिक्षण, आईचा मोबाईल, आईची सोयीची वेळ, असं अर्धं पान होतं. वडिलांच्या वाट्याला एक ओळ होती: वडिलांचा व्यवसाय. पान्याने ती भरली. मग मोबाईलच्या चौकटीत स्वतःचा नंबर लिहिला. बाईंनी विचारलं, हा आईचा आहे का? तो म्हणाला, माझा आहे, आईचा फोन दिवसभर कुलपात असतो, तिला कितीही फोन करा, लागणार नाही. बाईंनी त्याचा नंबर खोडला आणि म्हणाल्या, "आईच्या रकान्यात आईचाच लागतो. आम्हाला वर दाखवावं लागतं."

"मग माझा कुठे लिहू?"

"तुमच्यासाठी रकाना नाही."

त्याने नंबर समासात लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि शेजारी लिहिलं, 'ह्यावर करावा ही विनंती'. समासात लिहिलेलं संगणकात चढवत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मुंगीची तपासणी झाली. ती वाचाशिक्षिकेने केली. नुकतीच लागलेली, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी होती. तिने पान्याची वही चाळली, मग खुर्ची पुढे ओढून पहिल्या पानापासून वाचली. "हे तुम्ही लिहिलंत? आमच्याकडे आया येतात त्यांना मी हेच लिहा म्हणून सांगते, कुणाला वेळ होत नाही," ती म्हणाली. मुंगीचं नाव यादीत पाचवं लागलं. 'घरी फोन येईल,' असं सांगितलं गेलं. घरी म्हणजे कुणाच्या फोनवर, हे पान्याने विचारायला हवं होतं. तो खुशीत होता, विचारलं नाही.

मधल्या काळात त्या इमारतीत एक प्रकार झाला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. केंद्राने 'वडिलांचा सहभाग' नावाची मोहीम काढली. जिन्यात, व्हरांड्यात, लिफ्टच्या आतसुद्धा रंगीत पोस्टर लागलं: एक दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला बाप गुडघ्यावर बसून पोराला पुस्तक वाचून दाखवतोय, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'बाबा, मला तुमचा वेळ हवा.' मग ह्याच विषयावर व्याख्यान ठेवलं. कधी? कामाच्या दिवशी, दुपारी बाराला. कुणाला बोलावलं? आयांना. निरोप आयांच्या फोनवर गेले, तेव्हा येणार कोण? सभागृहात साठ बायका बसल्या होत्या आणि केंद्रप्रमुख मॅडम त्यांना तळमळून सांगत होत्या, की हल्लीचे वडील मुलांकडे ढुंकून बघत नाहीत, तेव्हा तुम्ही घरी जाऊन त्यांना हे समजावून सांगा. सभागृहाच्या दाराशी लिफ्टचा दरवाजा उघडा टाकून पाना रूळ साफ करत होता. अख्ख्या मजल्यावर ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं असा तो एकटाच, आणि त्याला एका कार्यकर्तीने येऊन सांगितलं, "जरा आवाज कमी करा, आत व्याख्यान चालू आहे."

त्याने आवाज कमी केला. नाकासमोर चालणारा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचं हे गप्प बसणं बघून कधी कधी वाटतं, त्याला धरून गदागदा हलवावं.

वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या बुधवारी सकाळी दहाला त्याचा फोन वाजला. केंद्रातून होता. क्षणभर त्याला वाटलं, मुंगीला जागा मिळाली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "लिफ्ट दुसऱ्यावर अडकलीय, लवकर या." तो गेला, दुरुस्त केली, परतला. साडेबाराला पुन्हा फोन. पुन्हा लिफ्ट. ह्या खेपेला तो अडीचपर्यंत तिथेच होता. तिसऱ्या मजल्यावर काउंटरपासून दहा पावलांवर, तोंडात स्क्रू धरून, दाराच्या कुलुपाशी झटत. बाईंनी त्याला चहा पाजला. चांगल्या होत्या तशा स्वभावाने.

संध्याकाळी बायकोने फाटकावर पिशवीतून फोन काढला. तीन मिस्ड कॉल, एकाच नंबरचे. दहा वीस, साडेबारा, दोन. तिने तिथूनच लावला, तर केंद्र बंद झालेलं.

गुरुवारी केंद्राचं दार उघडायच्या आधी पाना दारात. बाईंनी केंद्राची नोंदवही काढून त्याच्यापुढे सरकवली. मुंगीच्या नावापुढे लाल शाईत लिहिलं होतं, 'आईस तीन वेळा संपर्क. प्रतिसाद नाही. पालक उदासीन. जागा पुढील बालकास.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग त्याची नजर काउंटरच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथे फोनच्या अगदी वर, पुठ्ठ्यावर, ठळक अक्षरांत एक नंबर चिकटवला होता. 'लिफ्ट बिघडल्यास त्वरित'. नंबर त्याचाच.

"बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, "काल हिच्या आईला फोन लावलात तेव्हा मी कुठे होतो?"

"कुठे म्हणजे?"

"साडेबाराला तुम्ही मला लिफ्टसाठी फोन केलात. साडेबारालाच हिच्या आईलाही केलात. एका नंबरवर माणूस आला, दुसऱ्यावर कुणी नाही. दोनला पुन्हा तिलाच केलात. दोनला मी तुमच्यासमोर उभा होतो. तुमचा चहा पीत होतो."

बाई गोंधळल्या. "अहो पण तुम्ही कामात होतात. म्हटलं, कामाच्या वेळी घरचं कशाला मधे आणायचं."

पान्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको कामात होती ते उदासीन, आणि हा कामात होता ते कौतुकाचं! आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाच्या टेबलावर हात आपटला. फार जोरात नाही, पेनांचा डबा पडण्याइतकाच. तो म्हणाला, तुमची लिफ्ट अडकली तर तुम्हाला बाप सापडतो, माझी पोर अडकली तर सापडत नाही. बाई सांडलेली पेनं गोळा करायला लागल्या. आवाज ऐकून वाचाशिक्षिका बाहेर आली, लाल शाई बघून तिचा चेहरा उतरला. तिने हळूच सांगितलं, पुढच्या मुलाला अजून कळवलेलं नाही, शुक्रवारी दुपारी कळवतील, त्याआधी मॅडमना भेटा.

मॅडम भेटल्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकलं, मान डोलावली, मनापासून वाईट वाटल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाल्या, "उद्या आईला घेऊन या."

म्हणजे बायकोने रजा मागायची. तिने मागितली. मुकादमाने हजार प्रश्न विचारून अर्धा दिवस दिला. शुक्रवारी तिघंजण मॅडमच्या खोलीत गेली. खुर्च्या दोनच होत्या. मॅडमनी हाताने दाखवलं, आई आणि मूल. पाना मागे उभा राहिला. शिपायाने स्टूल आणून दिलं तेव्हा बसला. डोक्यावर तेच पोस्टर, बाबा मला तुमचा वेळ हवा.

मॅडमनी विचारायला सुरुवात केली. मूल कुठल्या अक्षरावर अडतं? बायकोने मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "प आणि क."

"त्यांना बोलू द्या," मॅडम म्हणाल्या. त्यांना म्हणजे बायकोला. "कधी जास्त अडतं?"

"मॅडम, हे सगळं ह्यांना माहीत आहे," बायको म्हणाली. "मी घरी येते तोवर सहा वाजतात. ह्यांनी सगळं लिहून ठेवलंय, वहीत. ह्यांना विचारा ना."

"मी आईला विचारतेय. आईला आपल्या मुलीचं माहीत नको?"

बायकोचा चेहरा लाल झाला. पहाटे उठून लेकीच्या दोन वेण्या घालून जाणारी बाई ती. रविवारी पोरीचे आठवड्याचे कपडे शिवून-टाचून, इस्त्री करून ठेवणारी. दिवसभर मान खाली घालून लोकांच्या कॉलरी शिवते कुणासाठी? नवऱ्याला सगळं माहीत आहे म्हणजे हिला काही माहीत नाही, असा हिशेब त्या खोलीत मांडला जात होता, आणि मांडणारी बाई स्वतः सकाळी नऊला घर सोडून सहाला घरी जाणारी.

मॅडमनी मग मुंगीकडे मोर्चा वळवला. "नाव काय तुझं, बाळ? सांग बघू पटकन."

मुंगीचे ओठ दाबले गेले. पाना स्टुलावरून पुढे वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "घाई नाही." मॅडम म्हणाल्या, मदत करू नका. मुंगीने मान खाली घातली ती घातलीच.

शेवटी नियमांचं पुस्तक निघालं. वर्गाला आईच बसते. आईचे तीन खाडे झाले की मूल बाद. बायकोला आठवड्यातून दोन सकाळी सुट्टी कोण देणार? नोकरीच जाईल. मग मॅडमनी कपाटातून एक फॉर्म काढला आणि म्हणाल्या, "एक मार्ग आहे. आई असमर्थ असेल तर आम्ही पर्यायी पालक चालवून घेतो. आजी, मावशी, वडील, कुणीही. फक्त आईने कारणावर खूण करून सही करायची."

कारणं छापलेली होती. मृत्यू. तुरुंगवास. बेपत्ता. दीर्घ आजार. व्यसन. मुलाकडे दुर्लक्ष.

"ह्यात नोकरी नाही," पाना म्हणाला.

"नोकरी म्हणजे असमर्थता नव्हे. कितीतरी नोकरी करणाऱ्या आया वेळ काढतात."

"आणि मी पर्यायी कशाला? मी बाप आहे तिचा. बाप म्हणून बसतो."

"अहो, आम्ही वडिलांच्या बाजूचेच आहोत," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच भिंतीवरच्या पोस्टरकडे बघितलं. "पण त्याला एक पद्धत असते."

बायकोने फॉर्म जवळ ओढला. प्रत्येक कारणावर बोट ठेवत खाली गेली, पुन्हा वर आली. मग नवऱ्याकडे न बघता विचारलं, "ह्यातलं सगळ्यात कमी वाईट कुठलं हो?"

"एकही नाही. चल, ऊठ. नको आपल्याला."

"वर्ग कधीपासून?"

"सोमवारपासून. पण ऊठ तू."

"आणि ही सहाची कधी होते?"

तारीख माहीत नाही म्हणून ती विचारत होती असं नाही. मुंगीला तिने जन्म दिला होता.

"तू असं काही लिहून द्यायचं नाहीस," तो म्हणाला. "हे लोक उद्या हा कागद दाखवतील. हिच्या शाळेत जाईल. ही मोठी झाली की हिच्या हातात पडेल. आईने दुर्लक्ष केलं असं आईच्याच सहीने."

"पडेल तेव्हा ती मला विचारेल," बायको म्हणाली. "विचारता आलं पाहिजे ना तिला."

तिने 'मुलाकडे दुर्लक्ष' ह्याच्यापुढे खूण केली, अगदी सरळ, कापडावर खडूने करतात तशी. खाली सही केली. शाळेत शिकलेली, एकेक अक्षर सुटं काढलेली सही. पाना स्टुलावरून उठून उभा राहिला होता. त्याच्या मुठी वळल्या होत्या आणि त्या कुठे ठेवाव्यात ते त्याला कळत नव्हतं. माणसाला स्वतःच्या लेकीशेजारी बसण्यासाठी आपल्या बायकोच्या तोंडाला काळं फासून घ्यावं लागतं, आणि ते कागदावर, शिक्क्यासहित, मदत म्हणून दिलं जातं!

मॅडमनी शिक्का मारला. शाई वाळायला फुंकर घातली. लाल शाईतली ओळ खोडली नाही. आता गरजच नव्हती, पुरावा जोडला गेला होता.

"चला, झालं काम," त्या प्रसन्नपणे बायकोला म्हणाल्या. "सोमवारी अकरा वाजता. ह्यांना सांगा, वेळेवर यायचं, वही-पेन्सिल आणायची आणि एकही दिवस चुकवायचा नाही. पुरुषांना जरा पुन्हा पुन्हा सांगावं लागतं."

बायकोने पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं. मुंगीला कडेवर घेतलं.

"तुम्हीच सांगा की," ती म्हणाली. "ते इथेच उभे आहेत."

मॅडमनी फाइल मिटली आणि शिपायाला सांगितलं, पुढच्या आईला आत पाठव.